दुखवट्याच्या मंडपातील वागणूक : एसटीच्या संपाविषयी एका पासधारक प्रवाशाचा अभिप्राय

बंद असलेल्या सेवेविषयी अभिप्राय लिहिणे चमत्कारिक दिसेल. परंतु ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एसटीच्या संपात सातारा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या आगारावरून मी जवळजवळ रोज जात होते, आणि वीस वर्षे मासिक पास काढूनही जे चालक-वाहक मला केवळ खाकी गणवेश म्हणून ठाऊक होते, त्यांची माणसे म्हणून ओळख मला त्या साडेपाच महिन्यांत झाली. त्यामुळे हा अभिप्राय गाड्यांविषयी नसून फाटकाबाहेर बसलेल्या कर्मचाऱ्यांच्या वागणुकीविषयी आहे.

मुख्य मागणी महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करण्याची होती. महागाई भत्त्याची मागणी मान्य झाल्यावर संघटनांच्या कृती समितीने उपोषण मागे घेतले, पण कर्मचारी मागे हटले नाहीत. संघटनांनाच बाजूला सारून आगारामागून आगार बंद होत गेले आणि दिवाळी सरते न सरते तोच राज्यातील सुमारे अडीचशे आगारांची वाहतूक ठप्प झाली. काही सहकाऱ्यांनी आत्महत्या केल्या होत्या, म्हणून कर्मचाऱ्यांनी या आंदोलनाला संप म्हणायचेच नाकारले. आमच्या फाटकावरच्या फलकावरही ‘संप नव्हे, दुखवटा’ असेच लिहिलेले होते. हा शब्द कोर्टात सोयीचा होता हे उघड आहे. तरीही तो त्यांनीच निवडलेला असल्यामुळे मी त्यांना कसोटीही तीच लावते. दुखवट्याच्या घरी माणसे जशी वागतात, तशी ही मंडळी वागली का?

प्रवाशांशी वागली, असेच म्हणावे लागेल. फाटकाला साखळी होती, आत लालपऱ्या धूळ खात रांगेने उभ्या होत्या आणि बाहेर ताडपत्रीच्या मंडपात सतरंजीवर चाळीस-पन्नास जण बसलेले असत. संप असल्याचे ठाऊक नसलेली वाडीवस्तीवरची माणसे पहिले काही आठवडे गाठोडी घेऊन येतच राहिली. अशाच एका म्हाताऱ्या बाईंना पाहून एक वाहक मंडपातून उठले, “आजी, पिशवी हिकडं द्या, गाडी बंद हाय, पर तुमास्नी रस्त्यात सोडत न्हाय,” म्हणत त्यांना चौकातल्या वडापपर्यंत, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीपपर्यंत, घेऊन गेले आणि जीपवाल्याला त्यांनी खिडकीशी वाकून बजावले, “एसटीला हितनं पंचेचाळीस पडत्यात, आजींचं तर अर्धं तिकीट असतं. पन्नासाच्या वर घेऊ नगंस.” टप्पे आणि भाडी तोंडपाठ असलेल्या माणसाने केलेली ती घासाघीस होती, जीपवाला निमूटपणे पन्नासावर आला. एका वाहतूक नियंत्रकांनी तर मंडपाच्या खांबाला मुलांची पाटी टांगून कोणत्या गावाकडची जीप साधारण केव्हा भरते हे खडूने लिहायला सुरुवात केली होती. फलाटावर गाडी लावताना ज्या सुरात ते पुकारा करीत, त्याच सुरात, मात्र माइकशिवाय, ते जीपचाही पुकारा करीत. स्वतः संपावर असूनही त्यांची ड्युटी काही सुटलेली नव्हती.

नोव्हेंबरमध्ये शासनाने खासगी वाहनांना प्रवासी वाहतुकीची परवानगी दिली, तेव्हा येथे बाचाबाची होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मंडळी बाजूला सरली आणि खासगी बस स्थानकात येऊ दिली गेली. त्या बसवाल्याने माझ्याकडून नेहमीच्या भाड्याच्या दुपटीहून अधिक पैसे घेतले; पण त्याचा राग मंडपावर काढणे न्यायाचे नाही.

तथापि सौजन्याने सगळे भरून निघत नाही. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत असतो आणि तो पास वडापमध्ये चालत नाही. करोनामुळे दीड वर्ष बंद राहिलेल्या शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. अशा वेळी आमच्या रस्त्याने मुली पाच-पाच किलोमीटर चालत येऊ लागल्या. त्या फाटकावरून जाऊ लागल्या की मंडपातले बोलणे थांबत असे. एका यांत्रिकाने न विचारताच मला सांगितले, “आमच्याबी पोरी त्यातच हायत.” त्यावर मला काही बोलता आले नाही.

आता उणी बाजू. २४ नोव्हेंबरला वेतनवाढ जाहीर झाली : दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना पाच हजार, वीस वर्षांपर्यंतच्यांना चार हजार आणि त्यापुढच्यांना अडीच हजार रुपये. त्यानंतर काही जण कामावर परतू लागले. डिसेंबरात एक चालक पोलिसांच्या सोबतीने आत जाऊ लागले, तेव्हा त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घालण्यात आला, टाळ्या पिटण्यात आल्या आणि ताटात हिरव्या बांगड्या ठेवून ते ताट त्यांच्यापुढे धरण्यात आले. कोणी अंगाला हात लावला नाही आणि राज्यात इतरत्र झाली तशी दगडफेकही येथे झाली नाही, हे मान्य. पण दुखवट्याच्या घरी कोणी असे ताट फिरवीत नाही. शिवाय हातात बांगड्या घालूनच भर गर्दीत दिवसभर तिकिटे देणाऱ्या वाहक महिला त्याच मंडपात बसल्या होत्या, याचा ताट धरणाऱ्याला विसर पडला होता. त्यांपैकी एक उठल्या आणि पाण्याच्या पिंपापाशी पाठ करून उभ्या राहिल्या.

उच्च न्यायालयाने ७ एप्रिलला २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईत शरद पवार यांच्या निवासस्थानावर चपला आणि दगड फेकले गेले. आमच्या मंडपातले कोणी तेथे गेले नव्हते, तरी त्या संध्याकाळी आजवर चहा आणून देणारे दुकानदारही तिकडे फिरकले नाहीत.

गुणच द्यायचे तर प्रवाशांशी वागण्याबद्दल मी पाचांपैकी साडेचार देईन. अर्धा गुण त्या मुलींसाठी कापते. आपल्याच माणसांशी वागण्याबद्दल मात्र दोनाच्या वर जाता येत नाही.

एप्रिलच्या अखेरीस मी पहिल्यांदा एसटीत बसले, तेव्हा चाकावर तेच हार घातलेले चालक होते आणि वाहक होते तो हार घालणारे. दोनदा घंटी वाजली आणि गाडी सुटली. पहिल्या तीन थांब्यांपर्यंत त्या दोघांत घंटीखेरीज दुसरे बोलणे झाले नाही.