अ‍ॅग्नेस मूरहेड ऐकायची तर: इंटरनेट अर्काइव्हवरचा जुना रेडिओ

'बिविच्ड' या अमेरिकन टीव्ही मालिकेतली जावयाला छळणारी एंडोरा एवढीच अभिनेत्री अ‍ॅग्नेस मूरहेड ठाऊक असेल, तर तिची अर्धी कारकीर्द ऐकायची राहिली आहे. ती रेडिओवर घडली, आणि इंटरनेट अर्काइव्ह (archive.org) या डिजिटल संग्रहावर फुकटात, लॉगिनशिवाय ऐकता येते.

सुरुवात 'सस्पेन्स' या रेडिओमालिकेतल्या 'सॉरी, राँग नंबर'ने करावी. अंथरुणाला खिळलेली बाई, हातात फोन आणि क्रॉस कनेक्शनमुळे कानावर पडलेला खुनाचा बेत. अर्ध्या तासाचं हे नभोनाट्य तिच्या आवाजावर उभं आहे. आधी ऑपरेटरवर खेकसणारा, नाकातला, नकोसा वाटणारा चिडका सूर. मग वाक्यं तुटू लागतात, शब्दांच्या मध्ये श्वास येऊ लागतो. तिचा राग येत असतानाच तिची भीती आपल्यात उतरते. केवढी ताकद आहे या बाईत!

शोधलं की या नावाच्या ढीगभर फायली दिसतात, कारण १९४३ ते १९६० दरम्यान तिने हे आठ वेळा सादर केलं. फाइलच्या नावात बहुधा वर्ष, महिना, दिवस असे सहा आकडे असतात. ४३०५२५ म्हणजे पहिलं प्रसारण. पूर्व किनाऱ्यासाठीच्या त्या थेट प्रयोगात शेवटी एका नटाचा क्यू (बोलायची वेळ) चुकला आणि शेवट श्रोत्यांना धड कळलाच नाही. पहिल्यांदा ऐकताना म्हणून ४३०८२१ घ्यावी.

आता प्रतीचा दर्जा. ३२ केबीपीएसची (म्हणजे कमी बिटरेटची, जास्त दाबलेली) फाइल साधारण ७ एमबीची असते, पण तिच्यात 'स', 'श' पाण्याखालून आल्यासारखे येतात आणि मूरहेडचे श्वास हरवतात. १२८ची मिळाली तर २८-२९ एमबी खर्च करावेत. लांबीही बघावी. मूळ कार्यक्रम अर्ध्या तासाचा. फाइल छोटी पण आवाज नेहमीसारखा, तर बहुधा अमेरिकन सैनिकांच्या रेडिओसाठी जाहिराती कापून केलेली प्रत. छोटी आणि आवाज किनरा, तर डिजिटल करताना वेग चुकलाय. ती दुरुस्त करायची तर ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि स्वर एकत्र बदलणारा पर्याय वापरावा. नुसता टेम्पो कमी केला तर आवाज किनराच राहतो. मधेच खरखर बदलली तर घाबरू नये. कार्यक्रम ज्यावर मुद्रित होत त्या १६ इंची तबकडीच्या एका बाजूला १५ मिनिटंच मावत, तिथे बाजू बदललेली असते.

पुढे दिग्दर्शक-नट ऑर्सन वेल्सच्या 'मर्क्युरी थिएटर' या रेडिओ कार्यक्रमातलं ११ जुलै १९३८चं 'ड्रॅक्युला' ऐकावं. त्यात ती मीना आहे. 'द शॅडो' या रेडिओमालिकेत वेल्ससोबतची तिची मार्गो लेनही ठीक, पण तिथे तिला करण्यासारखं फार नाही.

मग वेल्सचाच चित्रपट 'सिटिझन केन' (१९४१) लावावा. आईच्या भूमिकेत ती काही मिनिटंच दिसते. खिडकी उघडून बर्फात खेळणाऱ्या मुलाला "चार्ल्स!" अशी हाक मारते, तेव्हा क्षणभर डोळे मिटून ऐका.