सर्कशीच्या तंबूतलं लग्न : पावसाळा उलटल्यानंतरचा अनुभव

फेब्रुवारीत मिरजेजवळ माझ्या भाचीचं लग्न झालं, जुन्या सर्कशीच्या थीमवर. लगेच लिहिलं असतं तर कौतुकाच्या भरात लिहिलं गेलं असतं. आता पावसाळा होऊन गेलाय, त्या लग्नातल्या बऱ्याच वस्तू आमच्या घरात वापरात आहेत, आणि असंच कार्य करायचं म्हणून ओळखीतले लोक अजूनही विचारत असतात. म्हणून सविस्तर लिहिते.

सर्कसच का, तर नवरदेवाचे पणजोबा सर्कशीच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. ते वाद्य त्यांच्या घरी अजून जपून ठेवलंय. डेकोरेटरने आधी जे फोटो दाखवले ते सगळे अमेरिकेतले: पॉपकॉर्नची गाडी, उंच टोपीवाला रिंगमास्तर, सिंहाचे थर्मोकोलचे पुतळे. मुलांनी ते बाजूला सारले आणि आपल्या सर्कशीचा शोध घेतला, हे मला सगळ्यात आवडलं. १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे आपल्याच भागातले, कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी घोडे शिकवणारे. पुण्याचे दामू धोत्रे १९४० च्या दशकात अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत बिबट्यांसारखी हिंस्र जनावरं एका पिंजऱ्यात खेळवत होते. एवढी माणसं घरची असताना उसनी टोपी कशाला घालायची?

पत्रिका जुन्या हँडबिलाच्या थाटात काढली होती. वर मोठ्या टायपात ‘लग्न! लग्न!! लग्न!!!’, खाली ‘गोरज मुहूर्तावर एकच खेळ’. एका आजोबांना ती खरंच सर्कशीची जाहिरात वाटली, त्यांना फोन करून निमंत्रण सांगावं लागलं. वयस्कर मंडळींसाठी साधी पत्रिकाही छापा.

आता मुख्य गोष्ट, रिंगण. लंडनच्या फिलिप अ‍ॅस्ट्लेने अठराव्या शतकात ४२ फूट व्यासाचं रिंगण पक्कं केलं, कारण त्या मापात घोडा दौडला की पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराला तोल धरता येतो. सर्कशी तेच माप धरून चालतात. आमच्याकडे घोडा नव्हता, पण माप तेच ठेवलं. मधोमध बोहलं आणि चहूबाजूंनी पाहुणे. एरवी लग्नात आपल्याला काय दिसतं? फोटोग्राफरची पाठ. इथे अंतरपाट धरलेला, मामा नवरीला घेऊन येतोय, गुरुजी हात वर करून अक्षता टाकायची खूण करतायत, हे शेवटच्या ओळीतल्या माणसालाही दिसत होतं. अक्षता सगळ्या बाजूंनी पडल्या. फोटोवाल्यांना एका कोपऱ्यात उंच फळी बांधून दिली होती आणि तिथून हलायचं नाही असं आधीच बजावलं होतं. मी इतकी लग्नं पाहिली, पण मंगलाष्टकं चालू असताना पाहुणे गप्पा न मारता बघतायत हे पहिल्यांदा पाहिलं. थीम कुठलीही असो, बैठक गोलच ठेवा असं मी आता प्रत्येकाला सांगते.

त्रास झाला तो गॅलरीचा. लाकडी पायऱ्यांची गॅलरी दिसायला फार देखणी, पण गुडघे दुखणाऱ्या बायकांना ती चढवेना, आणि नऊवारी सावरत उतरणं त्याहून कठीण. पुढच्या दोन रांगा खुर्च्यांच्या आणि फक्त ज्येष्ठांसाठी राखीव हव्यात. शिवाय कनात चारी बाजूंनी बंद केल्यावर आत उकाडा होतो. आम्ही संध्याकाळी वरचा पडदा गुंडाळायला लावला तेव्हा कुठे वारा खेळला.

खेळ मोजकेच ठेवले होते: एकचाकी सायकल, चेंडू झेलणं आणि कसरतीच्या दोन मुली. उंच झोक्यांचा खेळ घेतला नाही, कारण त्याला लागणारी उंची आणि जाळी लग्नाच्या मांडवात बसत नाही. जनावरं नव्हतीच. वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांच्या खेळांवर १९९८ पासून बंदी आहे, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली, आणि ती बंदी योग्यच आहे. एका व्यवस्थापकाने सुचवलं होतं की बुटक्या कलाकारांना सरबताचे ट्रे घेऊन दारात उभं करू. भाचीने तिथल्या तिथे नकार दिला. बोलावलेले सगळे कलाकार रिंगणात खेळ करायलाच आले होते. त्यांचं जेवण पाहुण्यांच्या पंगतीत झालं आणि मानधन खेळाआधीच हातात दिलं. ज्यांना असं लग्न करायचंय त्यांनी एवढं तरी पाळावंच.

रात्री डीजे नव्हता. विष्णुपंत छत्र्यांना गाण्याचा मोठा नाद. ग्वाल्हेर घराण्याच्या रहिमतखाँना त्यांनी सांभाळलं, आणि खाँसाहेब सर्कशीबरोबर गावोगाव फिरले. ते लक्षात ठेवून जेवणानंतर त्याच तंबूत मिरजेच्या एका तरुण गायकाची बैठक ठेवली होती. कापडी तंबूत तानपुऱ्याचा आवाज घुमत नाही, मऊ पसरतो. त्या बैठकीसाठी काही मंडळी मुक्काम वाढवून राहिली. जेवण चांगलं होतं, त्यात सर्कशीचं काही नव्हतं.

आता वापराचं. फ्लेक्स नको म्हणून लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं मांजरपाट शिवून घेतलं होतं. निर्णय उत्तम, कारण तेच कापड पुढे गणपतीच्या मखराला वापरलं आणि उन्हाळ्यात गच्चीवर सावलीला बांधलं. पण रंगवणाऱ्याने पक्का रंग म्हणून दिलेला लाल पहिल्या सरीतच पांढऱ्यात उतरला, आता पट्टे गुलाबी दिसतात. पांढऱ्यावर पट्टे रंगवून घेण्यापेक्षा लाल कापड वेगळं आणून, धुऊन, मग जोडा.

परतीची भेट होती खणाच्या कापडाचे तीन चेंडू, झेलायला शिकण्यासाठी, आत ज्वारी भरलेली. ही वस्तू माझ्या मते लग्नातली सगळ्यात टिकाऊ कल्पना. ज्वारीमुळे चेंडू तळहातात बसतो, खाली पडला तरी लोळत जात नाही. आमच्या सोसायटीतली मुलं अजून रोज संध्याकाळी खेळतात, दोघीजणी तर तीन चेंडू सलग फिरवतात. मात्र जुलैत चेंडूंतून बारीक पीठ गळायला लागलं. शिवण उसवून पाहिलं तर ज्वारीला सोंडे लागलेले. मी ज्वारी काढून टाकली, चिंचोके उन्हात खडखडीत वाळवून भरले आणि दुहेरी टीप घातली. वजन थोडं वाढलं, आवाज खुळखुळ्यासारखा येतो आणि मुलांना तो आवडतो. किडीचा त्रास पुन्हा झाला नाही. खण मात्र मळतो, काठाला धागे निघतात. रोजच्या खेळासाठी जाड सुती कापड बरं.

करवल्यांची जरीच्या फितीची लाल जॅकेटं कपाटात पडून आहेत. मखमल जाड, आपल्या हवेत कोण घालणार? ती भाड्याने आणा आणि वाचलेले पैसे कलाकारांच्या मानधनात घाला.