सोल शाबूत, पण फोम गेला: रनिंग शूज वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेले शूज पावसाळा सरता सरता रिटायर केले. ब्रँड मुद्दाम सांगत नाही. मध्ये ईव्हीए (एक हलकं, मऊ प्लास्टिक) फोम आणि खाली रबर असलेल्या कुठल्याही साध्या डेली ट्रेनरची, म्हणजे रोजच्या सरावाच्या शूजची, गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते.

मी सातारकर, त्यामुळे सराव यवतेश्वरच्या घाटात. हिल मॅरेथॉनचा रस्ताही तोच, आधी चढायचं आणि मग तेवढंच उतरायचं. चढताना बूट जुना झालाय हे कळत नाही. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला टाच आपटते आणि तिथे फोमची खरी परीक्षा होते. ईव्हीएमध्ये हवेच्या बारीक बारीक पेशी असतात. दाबून दाबून त्या बसतात आणि मग फोम पूर्ववत फुगत नाही. जुलैपासून घाट उतरल्यावर नडगी ठणकायला लागली. आलटून पालटून वापरायचा दुसरा जोड घातला की त्रास नाही, हा घातला की पुन्हा सुरू. तिथेच शंका आली.

गंमत म्हणजे खालचं रबर अजून चांगलं होतं. टाचेची बाहेरची कड घासलेली, पण ती बहुतेकांची घासते, त्यात विशेष काही नाही. शूज टेबलावर ठेवून मागून पाहिले तेव्हा उजवा आतल्या बाजूला कललेला दिसला. फोमच्या कडेला टाचेजवळ आडव्या सुरकुत्या, अंगठ्याने दाबलं तर तिथे लवचीकपणा नाही, नुसता कडकपणा. सगळ्यात पक्की खूण दुकानात मिळाली. एका पायात जुना, दुसऱ्यात त्याच मॉडेलचा नवा घालून चार पावलं टाकली आणि एक पाय चक्क खाली गेल्यासारखा वाटला.

किलोमीटरचं म्हणाल तर सर्रास सांगतात ५०० ते ८००. स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर शूजची नोंद केली की आकडा आपोआप वाढत जातो. माझा जोड सातशेच्या आसपास संपला. वजन जास्त असेल, रस्ता काँक्रीटचा असेल तर त्याआधीच डोळे उघडे ठेवा. आकडा म्हणजे तपासणीची आठवण, एवढंच.

पावसाळ्यात भिजले की इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि पंख्याखाली ठेवायचे. उन्हात किंवा गिझरजवळ नाही, उष्णतेने फोम आणि चिकटवलेला गोंद दोन्ही बिघडतात. चवड्याजवळ सुटलेलं सोल मोच्याने चिकटवून दिलं, ते शेवटपर्यंत टिकलं. फोमवर मात्र त्याच्याकडे इलाज नाही. आता हे शूज भाजी आणायला आणि गाडी धुवायला. त्याला आणखी वर्षभर सहज पुरतील.

नवा जोड त्याच मॉडेलचा घेतलाय, फक्त अर्धा नंबर मोठा. उतारावर अंगठ्याचं नख काळं पडायचं, ही तक्रार शेवटपर्यंत होती.