लेक्टर की जॉन डो, जास्त भीती कोणाची?

'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (1991) मधला लेक्टर, म्हणजे तुरुंगातला नरभक्षक डॉक्टर, पहिल्याच भेटीत कोठडीच्या काचेच्या भोकांतून वास घेऊन एफबीआयची प्रशिक्षणार्थी क्लॅरिस कुठलं क्रीम लावते ते सांगतो, मग हळूहळू तिच्याकडून लहानपणाचं दुःख काढून घेतो आणि आपल्याला चक्क तो आवडायला लागतो, खरी भीती तीच. 'सेव्हन' (1995) मधला सिरियल किलर जॉन डो उलट बराच वेळ दिसतच नाही, सुरुवातीच्या टायटल्समध्ये ती भूमिका करणाऱ्या केव्हिन स्पेसीचं नावसुद्धा नाही, घरात नुसत्या हाताने लिहिलेल्या वह्याच वह्या, आणि मग रक्ताने माखलेला तो स्वतःच पोलीस स्टेशनात चालत येतो. शेवट 'सेव्हन'चाच भारी. पण माझं मत लेक्टरला, कारण डो उपदेश करतो आणि लेक्टर ऐकतो, क्लॅरिस लहानपणीच्या त्या कोकरांच्या आठवणीबद्दल सांगत असते तेव्हा तो असा टक लावून बघतो की मी दरवेळी श्वास रोखून बसते.