बडोद्यात ‘बॉयलरमेकर अ‍ॅप्रेंटिसशिप’साठी पैसे मागितले तर

‘काका, बॉयलरमेकरची अ‍ॅप्रेंटिसशिप आहे. सहा महिन्यांत आयबीआर सर्टिफिकेट, पुढे कोयलीच्या रिफायनरीत शटडाउनचं काम पक्कं. दोनच जागा उरल्यात.’ दांडिया बाजारातल्या एका कुटुंबाने एजंटच्या फोनवरच्या एवढ्या बोलण्यावर ४५,००० रुपये भरले. (बॉयलरमेकर म्हणजे बॉयलर बांधणारा-दुरुस्त करणारा कारागीर, आयबीआर म्हणजे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, शटडाउन म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तो काळ.) २०,००० यूपीआयने, २५,००० रोख. रोखीच्या चिठ्ठीवर फक्त ‘साहित्य फी’ लिहिलेलं. ना शिक्का, ना जीएसटी नंबर. आयटीआयची मूळ मार्कशीट ‘व्हेरिफिकेशनसाठी’ ठेवून घेतली. मुलगा मकरपुऱ्याच्या एका शेडमध्ये सहा महिने ग्राइंडर चालवत राहिला.

फोनवरच्या त्या वाक्यात दोन वेगळे कागद एकत्र कालवले होते, आणि फसवणूक तिथेच आहे. अ‍ॅप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली चालते. कारखाना आणि मुलगा यांच्यात करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, त्याला नंबर असतो. त्यात पैसे मुलाला मिळतात. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या मुलाचं पहिल्या वर्षाचं किमान विद्यावेतन महिन्याला ७,००० रुपये ठरवलं. शिकाऊ मुलाकडून फी घ्यायची सोय या कायद्यात कुठेच नाही. आयबीआर वेल्डरचा दाखला ही निराळीच गोष्ट. तो राज्याचं बॉयलर खातं देतं, तेही अधिकाऱ्यासमोर कूपन, म्हणजे परीक्षेचा तुकडा, जोडून, एक्स-रे आणि बेंड टेस्टमध्ये (वाकवून बघण्याच्या चाचणीत) ते पास झाल्यावर. शिवाय ज्या पद्धतीची आणि ज्या पोझिशनची परीक्षा दिली, दाखला तेवढ्यापुरताच. खासगी क्लासने रंगीत कागदावर ‘आयबीआर’ छापून दिलं, तर गेटवर त्याची किंमत शून्य.

त्या मुलाच्या हाती असाच कागद पडला. तो घेऊन शटडाउनच्या ठेकेदाराकडे गेला तेव्हा कागद बाजूला ठेवून त्याला सिक्स-जीचं कूपन दिलं: सहा इंची पाइप, ४५ अंशांत तिरका बांधलेला, फिरवायचा नाही. रूट, म्हणजे सगळ्यात आतला थर, टिगने (आर्गॉन वायू वापरून जोडायची पद्धत), वर ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड. बाहेरून कॅप, म्हणजे वरचा थर, बरी दिसत होती. पाइप कापला तर आत खालच्या बाजूला, सहाच्या काट्यावर, चार-पाच सेंटीमीटर सरळ काळी रेघ. रूट आत उतरलाच नव्हता, बेव्हलच्या, म्हणजे तिरक्या तासलेल्या, कडा जशाच्या तशा दिसत होत्या. दोन तुकड्यांमधला गॅप जेमतेम दीड मिलीमीटर ठेवलेला, तोही टॅक (आधी मारायचे छोटे टाके) आवळल्यावर आणखी मिटला. तिथे अडीच ते तीन मिलीमीटर हवा, रूट फेस (कडेचा न तासलेला सपाट भाग) दीडच्या आसपास, आणि टॅकची टोकं घासून उतरती करायला हवीत, नाहीतर जोड तिथेच अडकतो. पोराचा हात वाईट नव्हता. सहा महिन्यांत त्याला कुणी हे दाखवलंच नव्हतं, याचा खरा संताप येतो.

शिकवत नाहीत याचं कारण खर्च. पाइपचं प्रत्येक कूपन एकदाच वापरता येतं, आणि टिगला आर्गॉनचा सिलिंडर लागतो. म्हणून भंगारातल्या सपाट पट्टीवर ६०१३ रॉडने ओढायला लावतात. तो रॉड सहज पेटतो, मणी (वेल्डची रेघ) सुरेख पडतो, घरी फोटो पाठवता येतो. ७०१८ मात्र ओलावा खातो. तो ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून गरम ओव्हनमध्येच ठेवावा लागतो, नाहीतर जोडात हायड्रोजन शिरून नंतर तडा जातो. म्हणून शेड बघायला गेलात तर आधी रॉडचा ओव्हन कुठे आहे ते विचारा. कापलेल्या कूपनचा ढीग बघायला मागा. प्लेट रोलिंग मशीन, ट्यूब एक्सपांडर, हायड्रो टेस्टचा पंप यातलं काहीच नसेल, तर तिथे बॉयलरचं काम होत नाही, मग शिकवणार काय?

पैसे देण्याआधी कराराचा नोंदणी नंबर मागा आणि पोर्टलवर मुलाच्या स्वतःच्या लॉगिनने तो तपासा. कारखान्याचं नाव तिथे दिसलं पाहिजे, एजंटचं नव्हे. ‘नंबर नंतर येतो’ म्हणाले की उठून चालू लागा. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. कोऱ्या कागदावर सही तर नाहीच. खरी जागा हवी असेल तर गोरवा किंवा तरसाळीच्या आयटीआयमध्ये जाऊन अ‍ॅप्रेंटिसशिपबद्दल विचारा.

पैसे गेलेच असतील तर ऑनलाइन भरलेल्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. रोख दिलेल्या पैशांसाठी ती चिठ्ठी, कॉलची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज डिलीट न करता पोलिस ठाण्यात न्या. मार्कशीट अडकवून ठेवली असेल तर तक्रारीत ते वेगळं लिहा. वर सांगितलेल्या मुलाची मार्कशीट अशी लेखी तक्रार दिल्यानंतर परत आली. २५,००० रोख अजून आलेले नाहीत.