इंडी पिल्लू, रबरी खेळणं आणि फ्रीझर: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

मुलुंडच्या वन बीएचकेत इंडी, म्हणजे आपल्या देशी कुत्र्याचं पिल्लू आलं की आधी चपला जातात, मग पायपुसणं, मग सोफ्याची कड. आमचा गबरू तर दाराच्या चौकटीपर्यंत पोहोचला होता. पिल्लांचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के दात यायला पिल्लू सहा-सात महिन्यांचं व्हावं लागतं. तोवर हिरड्या शिवशिवत राहतात. ओरडून ते थांबत नाही, चावायला हक्काचं काहीतरी हवं.

पैसे वसूल झाले ते काँग या कंपनीच्या पोकळ रबरी खेळण्यावर. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या जो मार्कहॅमचा जर्मन शेफर्ड दगड चघळून दात खराब करून घ्यायचा. फोक्सवॅगन व्हॅनच्या सस्पेन्शनमधला एक रबरी भाग मात्र त्याला फारच आवडला, त्यावरून हे खेळणं निघालं. पिल्लांसाठी मऊ रबराचं, मोठ्यांसाठी लाल आणि राक्षसी चावणाऱ्यांसाठी काळं मिळतं.

पण नुसतं रिकामं दिलंत तर कुत्रं ढुंकूनही बघणार नाही. मी खालचं छोटं भोक पीनट बटरने बुजवते, आत भात, उकडलेला लाल भोपळा आणि दही भरते, रात्री फ्रीझरमध्ये ठेवते. पीनट बटरच्या बाटलीवर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं असेल तर ती घरातही आणू नका, कुत्र्यांना ते विष आहे. कांदा आणि मनुकाही नको. हे सगळं त्याच्या रोजच्या जेवणातूनच वजा करायचं, नाहीतर पिंप होतं. सासूबाई म्हणतात, "एवढ्या कौतुकाने तू नवऱ्याला तरी कधी डबा भरलास का गं?"

सकाळी निघायच्या थोडं आधी, चपला घालण्यापूर्वीच ते देते. नाहीतर खेळणं दिसलं की हे चालले, एवढंच त्याच्या डोक्यात बसतं. मग अर्धा तास चाटणं चालतं आणि त्यानंतर झोप. सोफा वाचला तो यामुळे.

आता मुंबईची खास कटकट: मुंग्या. चाटून झालेलं खेळणं जमिनीवर राहिलं तर तासाभरात रांग लागते. म्हणून ते बाथरूममध्ये स्टीलच्या परातीत देते आणि संध्याकाळी बाळाच्या बाटलीच्या ब्रशने आतून घासते. खाऊ हुंगून शोधायची कापडी चटई, म्हणजे स्नफल मॅट, उन्हाळ्यात छान चालली. जुलैत ती वाळेचना, कुबट वास यायला लागला. त्याऐवजी जुना टॉवेल गुंडाळून त्यात खाऊ लपवा, किंवा पार्सलचा पुठ्ठ्याचा खोका द्या. टेप आणि पिना तेवढ्या आधी काढा. फुकटात तेच काम होतं.

चूंचूं वाजणारं मऊ खेळणं एका संध्याकाळी फाडलं, आतली शिट्टी तोंडातून ओढून काढावी लागली. दोरीच्या खेळण्याचे धागे पोटात गेले तर आतड्यात अडकतात, म्हणून ते फक्त आपण समोर असताना. नख दाबून रुतत नसेल इतकं कडक काही घेऊ नका, दात तुटतो. टेनिस बॉल फेकायला ठीक, चघळायला नाही. त्याची लव दात झिजवते.

बेलवर भुंकणं? तिथे खेळण्याने काडीचा फरक पडला नाही. मुलाला बाहेर उभं करून बेल वाजवायची आणि गबरू गादीवर गेला की खाऊ, असं कित्येक आठवडे केलं, तेव्हा कुठे शेजारच्या काकू हसून बोलायला लागल्या. आता कुरिअरवाला आला की गादीवर चाटायची मॅट ठेवते, सही होईपर्यंत तो गुंतून राहतो.

दिवाळीत फटाक्यांच्या रात्री मात्र भरलेलं खेळणं तसंच पडून राहिलं. घाबरलेलं कुत्रं खात नाही. तुम्ही बाहेर पडल्यावर तुमचंही रोज असंच करत असेल, आवडीच्या खाऊला तोंड लावत नसेल, तर आणखी खेळणी घेऊ नका. ती एकटेपणाची भीती असू शकते, व्हेटला दाखवा.

घ्यायचंच असेल तर वजनाप्रमाणे साइज बघा, शंका आली तर मोठाच घ्या, आणि एकाऐवजी दोन घ्या. एक धुवायला पडलेलं असतं तेव्हा दुसरं फ्रीझरमध्ये तयार लागतं. मटारच्या पिशवीला जागा उरत नाही, यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे.