सील त्यानेच फोडलं होतं

लेक तेव्हा पाचवीत, शिष्यवृत्तीचं वर्ष. मॉलमध्ये कुकरच्या लोभाने मी लकी ड्रॉची चिठ्ठी भरली आणि मुलांच्या इयत्तेच्या रकान्यात इमानेइतबारे 'पाचवी' लिहिलं. कुकर काही लागला नाही. चौथ्या दिवशी फोन मात्र आला: मॅडम, तुमच्या मुलीची मोफत बुद्धिमत्ता चाचणीसाठी निवड झालीय, आई-बाबा दोघंही घरी असाल अशी वेळ सांगा.

'दोघंही' यावर भारी जोर. मी एकटी असते तर "ह्यांना विचारून सांगते" म्हणून सुटले असते, हे नंतर लक्षात आलं.

आलेला मुलगा पंचविशीचा. बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवले, चहाला आधी नको म्हणाला, मग घेतला. लेकीला टॅबवर सहा प्रश्न दिले. पहिले तीन तिने पटापट सोडवले. पुढचे अपूर्णांकांच्या भागाकाराचे. ती अडली, वेणीची रिबीन चावत आमच्याकडे बघायला लागली. तो हळूच म्हणाला, "ताई, बेसिक कच्चं आहे. पण आत्ता सावरता येईल." तिच्यासमोर! अपूर्णांकांचा भागाकार पाचवीच्या पुस्तकात नाहीच, हे मी त्याच रात्री पाहिलं. सह्या तोवर होऊन गेल्या होत्या.

त्याच्या कंपनीचा टॅबवरचा कोर्स 58,500 रुपयांचा. आमचे चेहरे बघून लगेच, "एकदम कुठे भरायचेत? महिना 3,250, अठरा महिने. दिवसाला 108 रुपये, एका मिसळीचे." मुलीच्या भवितव्यापुढे मिसळ! नवऱ्याने पॅन कार्ड काढलं. आधारचा फोटो झाला, 'व्हेरिफिकेशन'साठी एक ओटीपी, मग आणखी एक. पहिल्या ओटीपीने एका फायनान्स कंपनीचं कर्ज आमच्या नावावर चढलं आणि दुसऱ्याने दरमहा खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी गेली. 'कर्ज' हा शब्द त्या दीड तासात एकदाही आला नाही.

"पंधरा दिवसांत आवडलं नाही तर सगळे पैसे परत" हे तोंडी. दोन दिवसांनी टॅब घेऊन तोच आला, सील त्यानेच फोडलं, सेटअप करून दिला. बाराव्या दिवशी परत करायला फोन केला तर नियम कळला: सील फोडलेलं असेल तर परतावा नाही. त्याचा नंबर बंद, कंपनी म्हणे हप्त्यांचं फायनान्सवाल्यांना विचारा, फायनान्सवाले म्हणे कोर्सचं कंपनीला विचारा.

रागाने हप्ते थांबवायला निघालो होतो. बँकेतल्या बाईंनी अडवलं म्हणून वाचलो, कारण कर्ज आपल्या नावावर असतं आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, आपलाच बिघडतो. त्या म्हणाल्या, आधी लेखी तक्रार करा. आम्ही ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला, बोलणं झालेल्या तारखा आणि व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट दिले. पाच हप्ते गेल्यावर कंपनीने उरलेलं कर्ज मिटवलं. 16,250 गेले ते गेलेच.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्येच पालकांना सावध केलं होतं की अशा कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे कापायची मुभा देऊ नका. मी ते वाचलं फसल्यावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जाआधी व्याज आणि खर्च मांडणारं 'की फॅक्ट स्टेटमेंट' मिळायला हवं आणि 'कूलिंग ऑफ', म्हणजे विचार बदलायला ठरवून दिलेल्या मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तो कागद हातात पडल्याशिवाय ओटीपी सांगू नका. आणि चाचणी घ्यायला कोणी घरी येणार असेल, तर मुलांना तेवढा वेळ खाली खेळायला पाठवा.

टॅबवर हल्ली सासूबाई अभंग ऐकतात. लेक आठवीत गेली. गणिताला बसायचं म्हटलं की अजून म्हणते, "आई, माझं बेसिक कच्चं आहे ना."